टॉर्चच्या रिपोर्टमधल्या ‘हर्पिस पॉझिटिव्ह’मागची गोष्ट

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत गर्भपात झालेल्या बाईच्या फाईलमध्ये टॉर्चचा (पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा) रिपोर्ट बरेचदा असतोच, आणि त्यात ‘एचएसव्ही १+२ आयजीएम पॉझिटिव्ह’ (एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा व्हायरस, आयजीएम म्हणजे त्याच्याविरुद्ध शरीर बनवतं ती एक प्रकारची अँटीबॉडी) असं दिसलं की घरी आधी रडारड, मग नवरा-बायकोत संशय, सासूचं बोलणं वेगळंच. मला हे बघवत नाही, म्हणून ही टेस्ट आली कुठून ते नीट लिहितेय.

हर्पिसची अँटीबॉडी शोधणं काही आजचं नाही. १९३० मध्येच ब्रिटनच्या अँड्र्यूज आणि कारमायकेल यांना दिसलं की ज्यांच्या ओठावर वारंवार फोड येतात त्यांच्या रक्तात अँटीबॉडी असते आणि फोड तरीही परत येतातच. म्हणजे अँटीबॉडी सापडली याचा अर्थ एवढाच की व्हायरस कधीतरी शरीरात आला, केव्हा आला, कोणाकडून आला, हे ती सांगत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. १९६२ मध्ये जर्मनीत श्नेवाइसनी आणि मग १९६८ मध्ये अमेरिकेत नामियास आणि डाउडल यांनी दाखवलं की व्हायरस दोन प्रकारचा आहे, टाइप १ बहुतेक तोंडाचा, तो लहानपणी घरातल्या पापे घेण्यातूनही लागतो, आणि टाइप २ बहुतेक जननेंद्रियाचा. (टॉर्च हे नाव सत्तरीच्या सुरुवातीला रूढ केलं तेही याच नामियासनी.) पण दोघांची प्रोटीन्स इतकी सारखी की एकाची अँटीबॉडी दुसऱ्यालाही चिकटते, आणि जगात ५० वर्षांखालच्या साधारण दोन-तृतीयांश लोकांना टाइप १ आहे, मग टेस्ट वेगळं काय सांगणार.

१९७१ मध्ये स्वीडनच्या एंगवाल आणि पर्लमान यांनी एलायझा ही अँटीबॉडी मोजायची पद्धत आणली आणि काम सोपं झालं. ९६ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट, खळग्यात व्हायरसचं प्रोटीन चिकटवलेलं, वरून पेशंटचं सीरम, अँटीबॉडी असेल तर शेवटी पिवळा रंग चढतो आणि मशीन त्याचा आकडा देतं. अडचण खळग्यातच होती, कारण सुरुवातीच्या किटमध्ये अख्ख्या व्हायरसचा अर्क टाकलेला असायचा, त्यामुळे टाइप १ वाल्यालाही टाइप २ पॉझिटिव्ह.

यातून सुटका केली ग्लायकोप्रोटीन जी या एका प्रोटीननी, दोन्ही टाइपमध्ये ते बरंच वेगळं असतं, हे ऐंशीच्या दशकात कळलं. त्याच दशकात सिएटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये ऱ्होडा ॲशली यांनी वेस्टर्न ब्लॉट बसवला, प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करून कागदासारख्या पट्टीवर घ्यायची आणि अँटीबॉडी नेमकी कोणत्या रेषेवर बसते ते बघायचं. आजही बाकीच्या टेस्ट त्याच्याशीच ताडून बघतात. नव्वदीच्या शेवटी ग्लायकोप्रोटीन जी वापरणारे एलायझा किट बाजारात आले, तेही पूर्ण निर्धोक नव्हेत, टाइप २ चा इंडेक्स (रिपोर्टमधला मशीनचा आकडा) १.१ ते ३.० मध्ये आला तर दुसऱ्या पद्धतीच्या टेस्टनी खात्री करावी असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते.

आणि आयजीएम? ती टाइप ओळखत नाही, जुना आजार उलटला तरी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून सीडीसी ती करूच नका म्हणते, तरी आपल्याकडे टॉर्चच्या पॅकेजमध्ये ती छापून येतेच. तेव्हा रिपोर्ट हातात आला की लॅबवाल्याला विचारा, किट टाइप-स्पेसिफिक आयजीजीचं (आयजीएमहून वेगळ्या प्रकारच्या अँटीबॉडीचं, दोन्ही टाइप वेगळे ओळखणारं) आहे का, आणि इंडेक्सचा आकडा लिहून मागा.