विशेष दले (सैनिकी)

विशेष दले म्हणजे नेहमीच्या पायदळाला, रणगाड्यांना किंवा लढाऊ विमानांना जमणार नाहीत अशा कामगिऱ्यांसाठी निवडलेल्या, दीर्घ प्रशिक्षण दिलेल्या आणि थेट वरिष्ठ पातळीवरून हुकूम घेणाऱ्या छोट्या लष्करी किंवा निमलष्करी तुकड्या. शत्रूच्या पिछाडीला जाऊन टेहळणी व घातपात, ओलिसांची सुटका, ठरावीक माणसाला पकडणे किंवा मारणे आणि परक्या मुलखातील स्थानिक लढवय्यांना शस्त्रे व शिक्षण देऊन उभे करणे ही त्यांची मुख्य कामे. मराठीत या सगळ्यांना सरसकट ‘कमांडो’ म्हणतात आणि ‘जगातले सर्वोत्तम दहा कमांडो’ अशा याद्या आवडीने वाचल्या जातात. त्या याद्यांना फारसा अर्थ नाही. विमानात घुसून तीन मिनिटांत प्रवासी सोडवणारे पथक आणि डोंगरात तीन महिने टोळीवाल्यांबरोबर राहणारे पथक यांना एका मोजपट्टीने मोजता येत नाही. तुलना करायचीच तर प्रत्येक दल कोणत्या गरजेतून, आणि बहुतेक वेळा कोणत्या फजितीतून, उभे राहिले हे पाहावे लागते.

मूठभर माणसांनी रात्री अवघड जागी चढून मोठे काम उरकण्याची युक्ती जुनीच आहे. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेतला तो प्रसंग महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. पण कायमस्वरूपी वेगळी तुकडी, तिची स्वतंत्र निवड आणि स्वतंत्र हुकूमसाखळी ही रचना दुसऱ्या महायुद्धातली आहे. फ्रान्समधून माघार घ्यावी लागल्यावर १९४० मध्ये ब्रिटनने कमांडो तुकड्या उभारल्या. त्यांपैकीच एक अधिकारी डेव्हिड स्टर्लिंग याने जुलै १९४१ मध्ये इजिप्तमध्ये स्पेशल एअर सर्व्हिस म्हणजे एसएएस स्थापन केली. नोव्हेंबर १९४१ मधली तिची पहिली मोहीम साफ फसली. वादळी रात्री छत्र्यांनी उतरलेले जवान वाळवंटात विखुरले आणि निम्म्याहून अधिक परतलेच नाहीत. स्टर्लिंगने त्यातून साधा धडा घेतला. आकाशातून उतरण्याचा हट्ट सोडून त्याने वाळवंट तोंडपाठ असलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपच्या गाड्यांतून जायला सुरुवात केली. पुढे एसएएसने स्वतःच्या जीपगाड्यांवर मशीनगन बसवून जर्मन-इटालियन धावपट्ट्यांवर उभी असलेली विमाने मोठ्या संख्येने उडवली.

महायुद्ध संपताच ही तुकडी मोडण्यात आली. मलायातील बंडखोरीने तिची पुन्हा गरज निर्माण केली आणि १९५२ मध्ये २२ एसएएस ही नियमित रेजिमेंट अस्तित्वात आली. चार जणांची गस्त हे तिचे मूळ एकक जंगलातच पक्के झाले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या दलांची नावेसुद्धा एसएएसवरूनच आली, आणि फ्रान्सच्या पहिल्या मरीन पॅराशूट रेजिमेंटचे ‘जो धजतो तो जिंकतो’ हे ब्रीद तिथूनच उचललेले आहे.

दुसरी शाखा ओलीस सोडवणाऱ्या पथकांची. तिचा उगम म्यूनिकमध्ये आहे. सप्टेंबर १९७२ मध्ये ऑलिंपिक नगरीत पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले. फ्युर्स्टनफेल्डब्रुक विमानतळावर बव्हेरियाच्या पोलिसांनी सुटकेचा प्रयत्न केला तेव्हा आठ बंदूकधाऱ्यांवर नेम धरायला त्यांचे पाचच नेमबाज होते आणि त्यांच्याकडे एकमेकांशी बोलायला रेडिओ नव्हते. एकूण अकरा इस्रायली मारले गेले. त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीने सीमा संरक्षण दलात उलरिख वेगेनर यांच्या हाताखाली जीएसजी ९ हे पथक काढले. ते लष्कराऐवजी पोलिसांकडे ठेवण्यामागे नाझी काळानंतरच्या राज्यघटनेने देशांतर्गत लष्कर वापरण्यावर घातलेली बंधने होती. लष्कराचे स्वतंत्र केएसके हे दल जर्मनीत १९९६ मध्येच आले.

जीएसजी ९ ची परीक्षा १९७७ मध्ये सोमालियातील मोगादिशूला झाली. लुफ्थांसाचे ‘लांड्सहूट’ हे विमान चार अपहरणकर्त्यांनी पळवले होते आणि वैमानिकाला एडनमध्ये ठार मारले होते. १८ ऑक्टोबरच्या पहाटे सोमाली सैनिकांनी विमानासमोर थोड्या अंतरावर आग पेटवली. ती काय आहे हे पाहायला अपहरणकर्ते कॉकपिटकडे सरकले, तेवढ्यात काळ्या रंगाच्या शिड्या पंखांना व दरवाज्यांना लागल्या. डोळे दिपवणारे हातगोळे एसएएसच्या दोन माणसांनी सोबत आणले होते. काही मिनिटांत तीन अपहरणकर्ते मेले, चौथी जखमी अवस्थेत सापडली आणि विमानातले सर्व ओलीस जिवंत सुटले. या यशापेक्षा त्यामागची साखळी मला अधिक बोलकी वाटते: सोमाली सरकारची परवानगी, ब्रिटिशांचे तंत्र, पाच वर्षांचा सराव, आणि सगळे नीट जुळेपर्यंत थांबायची तयारी.

तीन वर्षांनी लंडनमधल्या इराणी दूतावासात एसएएसने हेच काम दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर केले. ५ मे १९८० ची ती कारवाई आदर्श म्हणून दाखवली जाते, पण तिच्या तपशिलात गडबड पुष्कळ आहे. मागच्या बाजूने उतरणारा एक जवान दोरात अडकून लोंबकळत राहिला आणि खिडकीतून निघालेल्या ज्वाळांनी भाजला. दुसऱ्याचा पाय लागून काच फुटली, त्यामुळे आतले सावध झाले. तरी सहापैकी पाच बंदूकधारी मारले गेले, एक ओलीस दगावला आणि बाकीचे वाचले. योजना बिघडल्यावर काय करायचे ते ठरलेले होते, म्हणून हे साधले.

इस्रायलच्या सायेरेत मतकल या १९५७ च्या दलाची ओळख एन्टेबीमुळे जगाला झाली. ३-४ जुलै १९७६ च्या रात्री चार हर्क्युलिस विमाने सुमारे चार हजार किलोमीटर उडून युगांडात उतरली, काळी मर्सिडीज पुढे घालून जवान टर्मिनलपर्यंत गेले आणि अपहृत विमानातले शंभरावर ओलीस परत आले. पथकाचा नेता योनातन नेतन्याहू मारला गेला. पण त्याच दलाने दोन वर्षे आधी मालोतच्या शाळेत केलेल्या कारवाईत वीसहून अधिक मुलांचा जीव गेला होता. याद्या करणारे एन्टेबी लिहितात, मालोत विसरतात.

अमेरिकेची गोष्ट आकारामुळेच निराळी आहे. १९५२ मध्ये फोर्ट ब्रॅगला उभी राहिलेली लष्कराची स्पेशल फोर्सेस, म्हणजेच ग्रीन बेरे, धडक मारणारी नसून शिकवणारी दले आहेत. त्यांचे मूळ पथक बारा जणांचे: एक कॅप्टन, एक वॉरंट ऑफिसर, पथकाचा सार्जंट, गुप्तवार्तेचा सार्जंट, आणि शस्त्रे, सुरुंग-बांधकाम, वैद्यक व संदेशवहन यांतले प्रत्येकी दोन जाणकार. प्रत्येक कामाला दोन माणसे असल्याने पथकाचे सहा-सहाचे दोन तुकडे होऊ शकतात. स्थानिक भाषा येणे बंधनकारक. २००१ मध्ये यांतलीच पथके उत्तर अफगाणिस्तानात तालिबानविरोधी सरदार दोस्तुमच्या माणसांबरोबर घोड्यांवर बसून विमानांना लक्ष्ये दाखवत होती. नौदलाचे सील १९६२ मध्ये निघाले, आणि चार्ल्स बेकविथ या अधिकाऱ्याने २२ एसएएसमध्ये काम करून आल्यावर वर्षानुवर्षे पाठपुरावा करून १९७७ मध्ये डेल्टा फोर्स उभी केली.

डेल्टाची पहिली मोठी मोहीम म्हणजे एप्रिल १९८० मधील ‘ईगल क्लॉ’. तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासातील ओलिसांना सोडवायला विमानवाहू ‘निमिट्झ’वरून आठ हेलिकॉप्टरे निघाली. किमान सहा लागणार होती. एकाच्या पात्यात बिघाड झाला, दुसरे धुळीच्या वादळातून परत फिरले, तिसऱ्याची हायड्रॉलिक यंत्रणा वाळवंटातल्या तळावर निकामी निघाली. उरली पाच. मोहीम रद्द झाली आणि निघताना एक हेलिकॉप्टर इंधनाच्या हर्क्युलिसवर आदळून आठ जण होरपळून मेले. डेल्टाचे जवान तेहरानपर्यंत पोहोचलेच नव्हते. हेलिकॉप्टरे नौदलाची, वैमानिक मुख्यतः मरीन, सैनिक भूदलाचे, विमाने हवाई दलाची, आणि सगळ्यांनी मिळून पूर्ण तालीम कधी केलेलीच नव्हती. या अपयशातून विशेष दलांसाठीच उडणारी ‘नाइट स्टॉकर्स’ ही हेलिकॉप्टर रेजिमेंट आणि १९८७ मध्ये स्वतःचे अंदाजपत्रक असलेली एकत्रित कमान निर्माण झाली. आज त्या कमानीत सत्तर हजारांच्या आसपास माणसे आहेत. मे २०११ मध्ये अबोटाबादला ओसामा बिन लादेनच्या आवारात पहिलेच हेलिकॉप्टर कोसळले, तरी मोहीम चालू राहिली, कारण जवळच राखीव हेलिकॉप्टरे होती. ‘ईगल क्लॉ’ आणि अबोटाबाद यांतला फरक जवानांच्या शौर्यात शोधणे व्यर्थ आहे.

रशियात ‘स्पेत्सनाझ’ हे एका दलाचे नाव नाही. लष्करी गुप्तवार्ता खात्याच्या १९५० पासूनच्या तुकड्या, गुप्तचर यंत्रणेचे १९७४ चे ‘अल्फा’ पथक आणि गृहखात्याची दले या सर्वांना ते लागते. डिसेंबर १९७९ मध्ये काबूलचा ताजबेग राजवाडा घेणारे हेच लोक, आणि ऑगस्ट १९९१ च्या बंडात मॉस्कोतील संसद भवनावर चाल करायला नकार देणारेही अल्फाचेच. ओलीस प्रकरणांत मात्र त्यांचा हिशेब वेगळा दिसतो. २००२ मध्ये मॉस्कोच्या नाट्यगृहात सोडलेल्या वायूने सुमारे १३० ओलीस मेले, २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेत तीनशेहून अधिक. पश्चिमेकडील पथके ओलिसांच्या जिवावरून यश मोजतात. मॉस्कोला हल्लेखोरांना कोणतीही सवलत न देणे अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे. चीनची विशेष दले संख्येने मोठी, पण प्रत्यक्ष लढाईचा अनुभव तुटपुंजा.

निवडीच्या पद्धतींत देशांचे स्वभाव दिसतात. एसएएसचा उमेदवार वेल्समधील ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत पाठीवर ओझे आणि हातात नकाशा घेऊन एकटा चालतो. शेवटची ‘लाँग ड्रॅग’ ही चाल सुमारे ६४ किलोमीटरची असून ती वीस तासांत संपवावी लागते. वाटेत कुणी ओरडत नाही आणि शाबासकीही देत नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात याच डोंगरांत उष्माघाताने तीन राखीव सैनिकांचा मृत्यू झाला. अमेरिकन सीलच्या कोरोनाडो येथील प्रशिक्षणात याच्या उलट प्रशिक्षकांचा आरडाओरडा, थंडगार समुद्र आणि साडेपाच दिवस जवळजवळ विनाझोपेचा ‘हेल वीक’ असतो. सोडायचे असेल त्याने सर्वांसमोर घंटा वाजवायची, आणि बहुसंख्य उमेदवार कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर गळतात. भारतातल्या पॅरा स्पेशल फोर्सेसचे प्रोबेशन बटालियनमध्येच, पारंपरिकपणे तीन महिन्यांचे, होते. ज्यांच्याबरोबर पुढे गस्तीला जायचे तेच लोक उमेदवाराला पारखतात. पास होणाऱ्याला मरून रंगाच्या बेरे टोपीबरोबर ‘बलिदान’ बिल्ला लावण्याचा हक्क मिळतो.

भारतीय दलांची सुरुवात १९६५ च्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी जमवलेल्या ‘मेघदूत’ फोर्सपासून होते. त्याच युद्धात पाकिस्तानच्या १९५६ साली उभारलेल्या स्पेशल सर्व्हिस ग्रुपने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या हवाई तळांजवळ छत्रीधारी उतरवले. नकाशे अपुरे, सुटकेची सोय नाही. बहुतेक जण शेतांतच पकडले गेले, पुष्कळसे गावकऱ्यांच्या हातून. भारताने १९६६-६७ मध्ये डोंगरी मुलखासाठी ९ पॅरा कमांडो आणि वाळवंटासाठी १० पॅरा कमांडो अशी विभागणी केली. डिसेंबर १९७१ मध्ये जयपूरचे सवाई भवानीसिंग यांच्या नेतृत्वाखाली दहाव्या बटालियनने जीपगाड्यांतून सिंधमधील चाछरोवर छापा घातला तो जवळजवळ स्टर्लिंगच्याच पद्धतीचा होता. सोळा वर्षांनी श्रीलंकेत, ऑक्टोबर १९८७ मध्ये, जाफना विद्यापीठावर तीच बटालियन हेलिकॉप्टरने उतरली. शत्रूला, म्हणजे लिट्टेला, बातमी आधीच होती. मदतीला उतरलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी २९ मारले गेले आणि एक कैद झाला. माहिती कच्ची असेल तर निवडक जवानही वाया जातात, याचे आपल्याकडचे हे सर्वांत कडू उदाहरण.

मराठी मुलखाशी या दलांचा संबंध खरा आहे. २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) ही १९९६ पर्यंत २१ मराठा लाइट इन्फंट्री होती. आताच्या बांगलादेशातील टांगाईलला १९७१ मध्ये उतरलेली २ पॅरा हीसुद्धा मूळची मराठा पलटणच. नौदलाचे मार्कोस १९८७ मध्ये निघाले आणि त्यांचा तळ मुंबईजवळ करंजाला, आयएनएस अभिमन्यूवर आहे. काश्मीरच्या वुलर तलावावर दाढ्या वाढवून फिरणारे हेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताज हॉटेलात कमांडोंपैकी आधी शिरले ते मार्कोस. राष्ट्रीय सुरक्षा दल, म्हणजे १९८४ नंतर उभारलेली एनएसजी, दिल्लीजवळ मानेसरला होती. हल्ला रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू झाला आणि तिचे जवान प्रत्यक्ष कारवाईला लागेपर्यंत सकाळ उजाडली. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंग बिश्त या कारवाईत मारले गेले. दल उत्तम, पण चौदाशे किलोमीटर दूर. १९९९ मध्ये अमृतसरला अपहृत विमान पाऊण तास उभे असतानाही हेच झाले होते. २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रे आणि राज्याची ‘फोर्स वन’ आली. त्याआधी, १९९० मध्येच, गडचिरोली पोलिसांनी स्थानिक तरुणांतून साठ जणांचे ‘सी-६०’ पथक काढले होते. गोंडी-माडिया बोलणारे आणि जंगल जाणणारे हे पोलीस जागतिक याद्यांत कधी दिसत नाहीत; कामाच्या मुलखाची नेमकी जाण या कसोटीवर ते वरचे ठरतात.

गुप्ततेचे दुष्परिणामही सर्वत्र सारखे आहेत. ऑस्ट्रेलियातील ब्रेरेटन अहवालाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्या देशाच्याच विशेष दलांवर अफगाणिस्तानात ३९ बेकायदा हत्यांचा ठपका ठेवला आणि एसएएसची एक स्क्वाड्रन बरखास्त झाली. त्याच वर्षी जर्मनीने अतिउजव्या विचारांच्या शिरकावामुळे केएसकेची दुसरी कंपनी मोडली. ब्रिटनमध्येही एसएएसच्या अफगाणिस्तानातील छाप्यांची न्यायिक चौकशी नेमावी लागली. भारतात विशेष दले अजूनही भूदल, नौदल, हवाई दलाचे ‘गरुड’ आणि गृहखाते यांत विभागलेली आहेत. २०१९ मध्ये आग्र्याला तिन्ही दलांची मिळून सशस्त्र दल विशेष मोहीम शाखा सुरू झाली, पण अमेरिकेप्रमाणे स्वतंत्र अंदाजपत्रक असलेली कमान तिला मिळालेली नाही.