बेंटली ‘ओल्ड नंबर वन’

‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली मोटर्स या ब्रिटिश कंपनीची ‘स्पीड सिक्स’ प्रकारातील शर्यतीची मोटार असून, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ व १९३० अशी सलग दोन वर्षे जिंकली. तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे साडेसहा लिटर क्षमतेचे होते.

१९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी तिच्यावर १७४ फेऱ्या पूर्ण केल्या व पहिले चारही क्रमांक बेंटलीनेच पटकावले. पुढच्या वर्षी बार्नाटोच्या जोडीला ग्लेन किड्स्टन होता आणि सामना जर्मन चालक रुडॉल्फ कॅराचिओलाच्या, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून शक्ती वाढवणारे यंत्र) बसवलेल्या मर्सिडीजशी होता. मर्सिडीज मध्येच बंद पडली आणि बेंटली १७९ फेऱ्यांसह पहिली आली. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींतून मिळालेल्या वारशाचा धनी असलेला बार्नाटो कंपनीचा अध्यक्षही होता. ल मांच्या शर्यतीत तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला, हा विक्रम केवळ पैशाच्या बळावर होत नाही.

१९३० नंतर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले आणि १९३१ मध्ये ती रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. या मोटारीला मात्र आठ लिटरचे इंजिन बसवून इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या, वळणांवर बाहेरच्या बाजूस चढ असलेल्या शर्यतीच्या धावपट्टीवर पळवण्यात येऊ लागले. सप्टेंबर १९३२ मधील पाचशे मैलांच्या शर्यतीत ती या चढाच्या वरच्या कडेवरून बाहेर फेकली गेली व चालक क्लाइव्ह डन्फी याचा मृत्यू झाला. त्यानंतर बार्नाटोने तिची पुनर्बांधणी करून तिला रस्त्यावर चालवण्याजोगी कूपे, म्हणजे दोन दारांची बंदिस्त मोटार, बनवले.

पुढे मालक बदलत गेले आणि मोटारीची घडणही बदलत राहिली. १९९० साली तत्कालीन मालकाने एक कोटी पौंडांना तिचा सौदा केला. परंतु ही मूळ मोटारच नव्हे, असे म्हणत खरेदीदार कंपनी मागे हटली आणि वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. १९२९ च्या मोटारीचे जेमतेम काही भाग उरले होते, सांगाडा आणि इंजिन दोन्ही निराळे होते, हे पुराव्यात उघड झाले. तरीही ती एका रात्रीत नव्याने जुळवलेली नक्कल नव्हती. शर्यतीच्या मोटारीचे भाग झिजतात, मोडतात, बदलावेच लागतात, आणि येथे प्रत्येक बदल आधीच्याच मोटारीवर होत गेला होता. हा अखंड क्रम ग्राह्य धरून न्यायमूर्ती ऑटन यांनी ती ‘ओल्ड नंबर वन’च असल्याचे मान्य केले आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. जुन्या मोटारींच्या अस्सलपणाच्या वादांत आजही या निकालाचा दाखला दिला जातो.