पार्श्वभूमी : ॲपच्या चित्रांत अक्षर कसं अडकलं

‘फाइल कर्व्ह करून पाठवा.’ बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या डीटीपीवाल्यांना हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलावं किंवा ऐकावं लागतं. लग्नपत्रिका असो, यात्रेचा फ्लेक्स असो की सोसायटीचा वार्षिक अहवाल, मजकूर कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये जुळवायचा, मुद्रितं तपासायची आणि शेवटी अक्षरांच्या रेघा करून टाकायच्या. मग समोरच्या मशिनवर फॉन्ट नसला तरी अक्षर हलत नाही. माझ्यासारख्या अनेकांकडे मोबाइल ॲपच्या चित्रांचं काम आलं ते याच टेबलावर, आणि त्यासोबत ही सवयही आली. मराठी आणि कन्नड मजकूर इतकी वर्षं चित्रांत का अडकून पडला, याचं अर्धं उत्तर या सवयीत आहे. उरलेलं अर्धं फोनमध्ये आहे.

सवय चुकीची नव्हती. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच सांकेतांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसला तरी फाइलच्या पोटात इंग्रजीतलं भलतंच चिन्ह असे. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्याच पत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसे. कन्नडचीही तीच गत. फोटोशॉपच्या त्या वेळच्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी टाकली की पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे आणि जोडाक्षरं फुटत. त्यामुळे कोरलमध्ये लिहायचं, कर्व्ह करायचं आणि मग चित्र म्हणून पुढे न्यायचं, हा एकच भरवशाचा रस्ता होता.

२००८ सालात दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली आणि जुलैमध्ये आयफोनचं ॲप स्टोअर उघडलं. म्हणजे ‘ॲप’ हा शब्द मराठीत धड लिहिण्याची सोय आणि ॲपचं दुकान एकाच वर्षातलं. तेव्हाचा आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० पिक्सेलचा आणि आयकॉन ५७ बाय ५७ चा. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनचा पडदाही तेवढाच होता. एक चित्र, एक आकार, काम संपलं.

ही सोय फार टिकली नाही. २००९ मध्ये अँड्रॉइड १.६ ने वेगवेगळ्या घनतेच्या (इंचात किती पिक्सेल त्या मापाच्या) पडद्यांसाठी वेगळे फोल्डर आणले. २०१० मध्ये आयफोन ४ चा पडदा तेवढ्याच जागेत दोन्ही बाजूंनी दुप्पट पिक्सेलचा झाला आणि फाइलच्या नावाला ‘ॲट टू एक्स’ची शेपटी लागली. २०१४ च्या मोठ्या आयफोनने तिसरा आकार आणला. अँड्रॉइडचे घनतेचे खण, म्हणजे ठरावीक गट, तोवर सहा झाले होते.

इथे ‘डीपीआय’ या शब्दाने जो घोळ घातला, तो जरा सविस्तर सांगायला हवा, कारण छपाईतून आलेला जवळजवळ प्रत्येक जण त्यात सापडला. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, आणि छपाईवाल्याच्या हाडात ३०० डीपीआय मुरलेलं असतं. ४८ डीपीचा आयकॉन मागितला (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप) की तो ४८ बाय ४८ पिक्सेलचं चित्र करी आणि दर्जा हवा म्हणून रेझोल्यूशनच्या चौकटीत ३०० भरी. फोनला त्या ३०० शी काही देणंघेणं नसतं. पीएनजी फाइलमध्ये तो आकडा छापणाऱ्यासाठीची नोंद म्हणून पडून राहतो. पडदा मोजतो ते फक्त पिक्सेल. अँड्रॉइडचा पाया १६० चा आहे: १६० च्या पडद्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, ३२० च्या पडद्यावर २, ४८० च्या पडद्यावर ३. म्हणून ४८ डीपीच्या आयकॉनला ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ पिक्सेल असे पाच आकार लागायचे. त्यातही प्रत्येक फोनची खरी घनता नेमकी ३२० किंवा ४८० नसते, त्याला ठरावीक खणात बसवलेलं असतं. म्हणजे एकच शब्द छापखान्यात कागदावरच्या ठिपक्यांचं माप सांगतो, फाइलमध्ये निव्वळ नोंद असतो आणि फोनमध्ये खणाचं नाव होतो. ‘३०० करून दिलंय, तरी धूसर दिसतंय’ ही तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकली आहे. ती करणारा माणूस आपल्या जागी प्रामाणिक असे.

आता फोनची बाजू. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांवर मराठी मजकूर म्हणजे चौकोनांची रांग. काही फोनमध्ये कंपनीने फॉन्ट घातलेला असे, पण अक्षरं जोडायची व्यवस्था नसे, त्यामुळे वेलांटी चुकीच्या बाजूला आणि ‘क्ष’ सुटा. त्या काळात साध्या फोनवर मराठी वाचणाऱ्यांना ऑपेरा मिनीतली एक खुबी आठवत असेल: पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा कॉन्फिग’ टाकायचं आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय चालू करायचा. मग पानावरची मराठी सर्व्हरवरून चित्र होऊन येई. ॲपवाल्यांनी वेगळं काय केलं? बटणावरचं ‘पुढे’, मथळ्यातलं ‘आजचे दर’, सगळं पीएनजी करून घातलं. तेव्हा दुसरा इलाज नव्हता आणि त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही.

पण सीमाभागात भाषा एक नसते. इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तीन भाषा आणि तीन घनता म्हटलं की एका बटणाच्या नऊ फाइली. चौथी घनता आली की बारा. शिवाय कन्नड जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराखाली लागतो, तर मराठीला शिरोरेषेवर मात्रा, रफार आणि अनुस्वारासाठी जागा हवी असते, त्यामुळे एकाच उंचीच्या बटणात दोन्ही भाषा सारख्या बसत नाहीत. कुठली तरी एक दाबली जायची, आणि कुठली ते बनवणारा कोण यावर ठरायचं.

यातलं एक बारीक दुखणं बाहेरच्यांच्या लक्षात येत नसे. अँड्रॉइड चित्र निवडताना भाषेला घनतेपेक्षा जास्त मान देतं. समजा, इंग्रजी बटण वरच्या घनतेच्या फोल्डरात आहे, पण मराठी बटण फक्त ‘ड्रॉएबल-एमआर-एचडीपीआय’मध्ये, म्हणजे मराठीच्या कमी घनतेच्या फोल्डरात आहे. मराठीत ठेवलेल्या फोनवर जास्त घनतेचा पडदा असला, तरी तो मराठी फाइलच उचलतो आणि ताणून दाखवतो. इंग्रजी अक्षर लख्ख, मराठी धूसर. वेळेअभावी नेहमी मराठी आणि कन्नड फाइलीच मागे राहत, आणि वाचणाऱ्याला वाटे की आपली लिपीच मोबाइलवर अशी दिसते. हा समज पसरला याचं मला आजही वाईट वाटतं.

अँड्रॉइडच्या ४.१ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत, फोन देवनागरी आणि कन्नड बऱ्यापैकी दाखवू लागले. तिथून खरा वाद सुरू झाला: आता अक्षर चित्रातून बाहेर काढायचं की नाही?

न काढणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळा, पण युनिकोडमध्ये दोन्हींचा सांकेतांक एकच. कोणतं वळण दिसेल ते फॉन्टवर आणि मजकुराला कोणती भाषा लावली आहे त्यावर अवलंबून, आणि पुष्कळ फोनवर हिंदी वळणच दिसे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक सगळे फॉन्ट पाळत नसत. ज्याने सुलेखनात हयात घालवली, त्याला फोनचं सपाट अक्षर आपल्या ॲपवर नको वाटणं स्वाभाविक होतं.

तरीही माझं मत तेव्हापासून अक्षर बाहेर काढण्याच्या बाजूचं आहे, आणि कारण घरातलं आहे. आईने फोनमध्ये अक्षराचा आकार सर्वांत मोठा ठेवला होता. सगळीकडे अक्षर मोठं झालं, फक्त तिच्या रोजच्या ॲपमधली मराठी बटणं होती तेवढीच राहिली, कारण ती अक्षरं नव्हतीच. ती भिंग घेऊन ‘रद्द करा’ शोधायची. अंध माणसाला फोन वाचून दाखवतो तेव्हाही वेगळं वर्णन जोडल्याखेरीज चित्रातलं अक्षर मुकंच राहतं. आणि सोय पहिल्यापासून होती: नाइन पॅच. बटणाचं कोरं चित्र, कडेला एक पिक्सेलच्या काळ्या रेघा, त्यांनी कुठे ताणायचं आणि मजकूर कुठे बसवायचा ते सांगायचं. छपाईच्या शिस्तीत वाढलेल्या एका सहकाऱ्याने त्या रेघा डाग समजून अख्ख्या संचातून पुसल्या आणि दोन दिवस बिल्ड, म्हणजे ॲप जुळवून तयार करण्याचं काम, अडला होता. त्या रेघांचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता.

२०१४ च्या नोव्हेंबरने हा वाद बराचसा मिटवला. १ नोव्हेंबरला बेळगावचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं. कन्नडमध्ये ते आधीपासून बेळगावी होतं आणि मराठी माणूस आजही बेळगाव म्हणतो, पण इंग्रजी स्पेलिंग जिथे जिथे चित्रात कोरलेलं होतं तिथे प्रत्येक घनतेची फाइल पुन्हा काढावी लागली. ज्यांनी मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवला होता, त्यांचं काम एका ओळीत झालं. त्याच महिन्यात अँड्रॉइड ५.० आलं. त्यात मराठी आणि कन्नड या दोन्ही फोनच्या भाषा म्हणून एकदमच आल्या, आणि आकृत्या रेघांच्या स्वरूपात ठेवणारं व्हेक्टर ड्रॉएबलही आलं. कोरलवाल्यांना ते पटकन कळलं, कारण कर्व्ह हा त्यांचा रोजचा धंदा. फरक इतकाच, की आता कर्व्ह करायची होती आकृती, अक्षर नव्हे. पुढे मुक्ता, बालू यांसारखे मोफत फॉन्ट आले. बालूचं कन्नड भावंडही असल्याने दोन्ही भाषांना एकाच घराण्याचं अक्षर देता येऊ लागलं.

आयकॉनमध्ये मात्र अक्षराने ठाण सोडलं नाही. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये आयकॉन १०८ डीपीचा झाला. त्यातला मधला ७२ डीपीचा भाग दिसतो, पण आकार गोल की चौकोनी ते फोन ठरवतो. हमखास शाबूत राहतं ते मधलं ६६ डीपीचं वर्तुळ. एका मिठाईवाल्याच्या आयकॉनवर ‘कुंदा’ लिहायचं होतं. या शब्दाला खाली उकार आहे आणि वर अनुस्वार, म्हणजे वर्तुळ दोन्हीकडून अंगावर येतं. अक्षर भरपूर मोठं ठेवलं तर गोल आकारात उकाराची शेपटी तुटे. आत घेतलं तर स्वस्त फोनवर अनुस्वार दोन-तीन पिक्सेलांचा ठिपका होऊन पुसट होई. शेवटी फक्त ‘कुं’ घेतला, शिरोरेषा किंचित खाली आणली आणि अनुस्वार हाताने गोल, ठसठशीत केला.

२०१८ पासून ॲप प्ले स्टोअरला देण्याचा ‘बंडल’ हा नवा प्रकार आला; त्यातून फोनला त्याच्या घनतेच्या आणि भाषेच्याच फाइली जातात. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नव्या ॲपना तो सक्तीचा झाला. ॲप हलकं झालं, पण सीमाभागात नवीच अडचण उभी राहिली. इथे बऱ्याच जणांचा फोन इंग्रजीत असतो आणि भाषा ॲपच्या आत निवडलेली असते. दूध संकलनाच्या एका ॲपमध्ये लोक ‘मराठी’ दाबत आणि पडदा इंग्रजीच राही, कारण मराठीच्या फाइली त्या फोनवर उतरलेल्याच नव्हत्या. भाषेनुसार तुकडे करणं बंद केलं, तेव्हा कुठे मराठी आणि कन्नड परत आली. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून फोनच्या सेटिंगमध्येच प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. त्यामुळे शेजारच्या काकांचा फोन आता इंग्रजीत आहे, वीजबिलाचं ॲप कन्नडमध्ये आणि दुधाचं मराठीत.