रिपोर्ट निगेटिव्ह आहे, पण लिव्हरचं काय? रक्त घेणाऱ्या पेशंटमधला लपलेला हेपटायटिस सी

थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार, असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि तेही जन्मभर. वर्षाला सरासरी वीस बॅगा धरल्या तरी विशीत येईपर्यंत त्याच्या अंगात चारेकशे बॅगा गेलेल्या असतात, म्हणजे जवळपास तेवढ्याच वेगवेगळ्या माणसांचं रक्त. एका बॅगेतून इन्फेक्शन यायचा धोका आज खूप कमी आहे हो, पण ज्याला चारशे वेळा तो धोका घ्यायचाय त्याचं गणित तुमच्याआमच्यापेक्षा वेगळं असतं.

रक्ताच्या बॅगेवरचं लेबल कधी नीट वाचलंय का? एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया अशी टेस्टची नावं आणि त्यापुढे निगेटिव्ह किंवा नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. यातला हेपटायटिस सी म्हणजे रक्तातून पसरणारा, लिव्हरला सूज आणणारा व्हायरसचा आजार. त्याची नेहमीची टेस्ट व्हायरस शोधत नाही, व्हायरसविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी शोधते, आणि त्या रक्तात दिसायला दोन महिने वगैरे लागू शकतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. त्यात रक्तदात्याला स्वतःलाही काही माहीत नसतं, तो अगदी चांगल्या मनाने रक्त देऊन जातो आणि टेस्ट निगेटिव्ह येते. नॅट नावाची टेस्ट थेट व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधते, त्यामुळे हा काळ आठवड्याभरावर येतो, पण ती महाग आहे आणि आपल्याकडे सगळ्या रक्तपेढ्यांना सक्तीची नाही. माझ्या मते निदान ज्यांना जन्मभर रक्त लागतं त्यांच्यासाठी तरी नॅट केलेलंच रक्त मिळायला हवं, यात खर्चाचा वाद घालू नये.

मुळात हा व्हायरस सापडलाच 1989 मध्ये. त्याआधी अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांना दिसत होतं की रक्त घेतलेल्या पेशंटना कावीळ होतेय पण ती ए पण नाही आणि बी पण नाही, म्हणून तिला 'नॉन-ए नॉन-बी' असंच म्हणायचे. ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या कामासाठी 2020 चं नोबेल मिळालं. भारतात रक्तदात्याची हेपटायटिस सी टेस्ट सक्तीची व्हायला 2001 उजाडलं, म्हणजे आज तिशीत असलेल्या थॅलेसेमियाच्या पेशंटला लहानपणी जे रक्त मिळालं त्यातलं बरंचसं या व्हायरससाठी तपासलेलंच नसणार.

आणि हा आजार गप्प बसून राहतो. ताप नाही, बहुतेकांना कावीळही नाही, वर्षानुवर्षं काहीच नाही आणि मग एकदम सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन कडक होणं. थॅलेसेमियात तर अजून एक गोची आहे. रक्ताच्या एका बॅगेतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि शरीर स्वतःहून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम बाहेर टाकतं, उरलेलं लिव्हरमध्ये साठतं, त्यामुळे एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं दिसलं की घरचे म्हणतात फेरिटिन (शरीरात साठलेल्या लोहाचं माप) वाढलंय ना, त्यामुळे असेल, आणि कधीकधी डॉक्टरही तेवढ्यावरच थांबतात. लोह आणि व्हायरस दोन्ही एकाच लिव्हरमध्ये असले की नुकसान जास्त वेगाने होतं, म्हणून इथे अंदाजावर थांबून चालत नाही.

आता याच्याही पुढची गोष्ट. 2004 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी असे 100 पेशंट घेतले ज्यांच्या लिव्हरच्या टेस्ट बिघडलेल्या होत्या पण कारण सापडत नव्हतं, आणि रक्तात अँटीबॉडी पण नाही, आरएनए पण नाही. लिव्हरचा तुकडा काढून तपासल्यावर 57 जणांमध्ये हेपटायटिस सी चा आरएनए सापडला! त्यातल्या बऱ्याच जणांच्या पांढऱ्या पेशींमध्येही तो होता. याला ऑकल्ट म्हणजे लपलेलं इन्फेक्शन म्हणतात. नंतर इराणमध्ये थॅलेसेमियाच्या पेशंटमध्येही असा शोध घेतला गेला आणि काही जणांच्या पांढऱ्या पेशींत व्हायरस मिळाला. यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाहीये, इतक्या कमी प्रमाणातल्या व्हायरसने खरंच किती नुकसान होतं यावर वाद आहे, आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या करून तपासणं ही काही कोपऱ्यावरच्या लॅबमधली टेस्ट नाही. त्यामुळे हे वाचून लगेच घाबरून जाऊ नका.

करण्यासारखं मात्र बरंच आहे. नियमित रक्त घेणाऱ्याची हेपटायटिस सी टेस्ट एकदा करून फाईलला लावून ठेवायची नसते, ती दरवर्षी तरी व्हायला हवी. एसजीपीटी वाढलेलंच राहत असेल तर अँटीबॉडी निगेटिव्ह असली तरी आरएनए टेस्टबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा. डायलिसिसवाल्यांना तर हे जास्तच लागू, कारण त्यांच्यात कधीकधी अँटीबॉडी बनतच नाहीत. उलटही होतं, आजार पूर्ण बरा झाला तरी अँटीबॉडी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते, तेव्हा नुसत्या त्या एका शब्दावरून कुणाला आजारी ठरवू नका, आरएनए बघा.

पूर्वी यावर उपचार म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाव्हिरिन द्यायचे, आणि रिबाव्हिरिनने लाल पेशी फुटायच्या, म्हणजे थॅलेसेमियाच्या पेशंटला आणखी रक्त चढवावं लागायचं. आता सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या आहेत, बहुतेकांना 12 आठवडे घ्यायच्या, शंभरातले पंचाण्णव तरी बरे होतात, आणि 2018 पासून हेपटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर त्या फुकट मिळतात. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए टेस्ट करायची, ती निगेटिव्ह आली तर बरं झालं म्हणतात. पण रक्त घेणं चालूच राहणार आणि हा व्हायरस परत होऊ शकतो, लसही नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी परत टेस्ट, आणि या वेळी अँटीबॉडीची नाही, आरएनएचीच.