रिअल एल, एक छोटी झडप आणि बरंच सोवळं

‘शुक्रवारी सहा वाजता नवं पिंप’ असं खडूनं लिहिलेला फळा आज इंग्लंडमधल्या गल्लीबोळातल्या पबांतही दिसतो. खाली बिअरचं नाव दर आठवड्याला बदलतं. ही मोकळीक पुरातन परंपरेतली वाटते, पण ती तेवढी जुनी नाही. 1989 पर्यंत बहुतेक पबांत हिशेब सरळ होता: पब ज्या ब्रुअरीचा, बिअर तिचीच. दुसरी प्यायची असेल तर दुसऱ्या पबात जा.

त्या वर्षी सरकारी मक्तेदारी चौकशीचा अहवाल आला. देशातली बहुतांश बिअर सहा बड्या ब्रुअरींच्या हातात होती आणि हजारो पबही त्यांच्याच मालकीचे होते. मग नियम झाला की दोन हजारांहून जास्त पब असतील, तर वरच्या संख्येतले निम्मे 1992 पर्यंत या बांधिलकीतून मोकळे करायचे. शिवाय 1990 पासून या बड्यांच्या भाडेकरू पबचालकांना बाहेरची एक ‘पाहुणी’ बिअर ठेवायची मुभा मिळाली. ती मात्र पिंपातच मुरणारी हवी, अशी अट होती. फळ्यावरची ‘गेस्ट एल’ ती हीच; एल हा बिअरचाच एक इंग्लिश प्रकार.

बड्यांनी काय केलं? पब विकून टाकले. घेणाऱ्या कंपन्या बिअर बनवतच नव्हत्या, त्यामुळे दोन हजारांची मर्यादा त्यांना लागू नव्हती. पबचालकावरची बांधिलकी पुढच्या दारानं गेली आणि मागच्या दारानं परत आली. 2003 पर्यंत हे नियम मागेही घेतले गेले. तोवर लोकांना पाहुण्या बिअरची चटक लागली होती. 2002 मध्ये वर्षाला पाच लाख लिटरपर्यंत बिअर बनवणाऱ्या छोट्या ब्रुअरींचा कर निम्म्यावर आला. मग शेडमध्ये, रेल्वेच्या कमानींखाली ब्रुअरी उगवू लागल्या आणि फळ्यावर लिहायला रोज नवं नाव मिळू लागलं.

त्याआधीचं थोडक्यात. मध्ययुगीन इंग्लंडात एल म्हणजे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, न घातलेलं पेय. 15व्या शतकात समुद्रापलीकडून हॉप्स रुळले आणि हॉप्सवालं पेय ते बिअर, असा भेद झाला. 18व्या शतकापर्यंत तोही पुसट झाला. तळघरातून बिअर वर खेचणारा हातपंप त्या शतकाच्या अखेरीस आला.

पिंपाकडे मात्र जरा जवळून पाहायला हवं, कारण भांडण तिथेच आहे. पबात येणारं नेहमीचं पिंप नऊ गॅलनचं, म्हणजे सुमारे 41 लिटरचं. त्यात 72 पाइंट बसतात. आतलं यीस्ट जिवंत असतं आणि बिअर तळघरात 12 अंशांच्या आसपास मुरत राहते. गाळ खाली बसावा म्हणून तिच्यात माशाच्या वाताशयापासून केलेला द्रव घालतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, तसलाच प्रकार. 19व्या शतकात हा माल भारताच्या किनाऱ्यावरूनही लंडनला जात असे. घोळ माशाचा बोत, ज्याच्या भावाच्या बातम्या पालघरकडून येतात, तोच हा अवयव.

पिंप आडवं ठेवून वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी मारतात. तिच्या छिद्रांतून जादा वायू फसफसत निघून जातो. तो शांत झाला की कडक लाकडाची खुंटी येते. मग लाकडी हातोड्याच्या एका घावात पुढचं बूच आत ढकलून त्याच जागी तोटी बसवायची. घाव कचरला तर बिअरची पिचकारी थेट तोंडावर. खास पिंप उघडायच्या संध्याकाळी निम्मी गर्दी हेच बघायला आलेली असते.

एक पाइंट काढला की तेवढीच हवा पिंपात शिरते. पहिल्या दिवशी ती चवीला गोलाई देते. तिसऱ्या दिवसानंतर बिअर ताक चढावं तशी आंबटाकडे झुकते. थोडक्यात, 72 पाइंट तीन दिवसांत खपायला हवेत. शनिवारी हे सहज जमतं. मंगळवारी, पाऊस असताना, बाराजणांच्या पबात कसं जमणार?

यावर एक छोटी झडप निघाली. ती हवेच्या जागी कार्बन डायऑक्साइड सोडते, पण वातावरणाच्याच दाबानं. बिअरमध्ये वायू कोंबला जात नाही, फक्त रिकामी जागा भरते. पिंप काही दिवस जास्त टिकतं. इतकी निरुपद्रवी वस्तू अनेक दशकं निषिद्ध ठरली, कारण ‘रिअल एल’ या शब्दाची व्याख्या.

1960च्या दशकात बड्यांनी गाळलेली, पाश्चराइझ केलेली, वायूच्या जोरावर नळातून येणारी केग बिअर, म्हणजे बंद डब्यातली, सगळीकडे पोचवली. तिच्यावर वैतागून 1971 मध्ये चार मित्रांनी आयर्लंडमधल्या सहलीत एक ग्राहक मोहीम काढली आणि 1973 मध्ये तिच्या नावात ‘रिअल एल’ हा शब्द आला. व्याख्या अशी झाली: ज्या भांड्यातून वाढतात त्यातच दुसऱ्यांदा आंबलेली आणि बाहेरच्या कार्बन डायऑक्साइडशिवाय दिलेली बिअर. गंमत अशी की या व्याख्येत चव कुठेच नाही. भांडं आहे, वायू आहे. सोवळ्यात काय शिजलंय हे न बघता कशाला शिवलं एवढंच बघावं, तसं हे झालं. तिसऱ्या दिवशीची आंबट बिअर ‘रिअल’, आणि झडपेमुळे पाचव्या दिवशीही चांगली राहिलेली बाटलेली. झडप वापरणाऱ्या पबचं नाव मोहिमेच्या वार्षिक मार्गदर्शिकेत येत नसे, आणि त्या यादीवर पबचा धंदा हलतो.

पुढे प्लास्टिकच्या गोल भांड्यातल्या पिशवीत बिअर भरण्याची पद्धत आली. वायू पिशवीला बाहेरून दाबतो, बिअरला शिवत नाही. आत यीस्ट जिवंत असेल, तर ही केग व्याख्येनं चक्क ‘रिअल’ ठरली.

एप्रिल 2018 मध्ये मोहिमेच्या कॉव्हेंट्रीतल्या अधिवेशनात झडपेवरचा आक्षेप मागे घेतला गेला. पाठिंबा नाही, विरोधही नाही, असं तटस्थ धोरण ठरलं. त्याच वेळी मोहिमेचं काम सगळ्या दर्जेदार बिअरपर्यंत वाढवायचा ठरावही होता. त्याला 75 टक्के मतं हवी होती. 72 टक्क्यांच्या आसपास मिळाली आणि ठराव पडला. जुन्यांच्या बाजूनंही एक बोलायला हवं. व्याख्या इतकी कडक नसती, तर 1970च्या दशकात पिंपच उरलं नसतं. पण झडपेच्या बाबतीत त्यांनी छोट्या पबांवर अन्याय केला, हे माझं मत कायम आहे.

आता करातला घोळ. पबात पिंपातून किंवा केगमधून वाढल्या जाणाऱ्या बिअरला वेगळी सवलत 2021 मध्ये जाहीर झाली, तेव्हा भांडं 40 लिटरहून मोठं हवं असं म्हटलं होतं. छोट्या, स्वतंत्र ‘क्राफ्ट’ ब्रुअरींची 30 लिटरची केग आणि खास संध्याकाळी फुटणारं साडेचार गॅलनचं छोटं पिंप, दोन्ही बाहेर पडली असती. ओरड झाल्यावर मर्यादा 20 लिटरवर आली. ऑगस्ट 2023 मध्ये सवलत लागू झाली आणि साडेवीस लिटरचं छोटं पिंप जेमतेम आत बसलं.

2024 मध्ये एका बड्या कंपनीनं केगमधली बिअर जुन्या हातपंपातून द्यायला सुरुवात केली. उघडल्यावर ती चौदा दिवस टिकते. मोहिमेनं यावर तक्रार केली, कारण तो पंप म्हणजे पिंपाची खूण असं गिऱ्हाईक धरून चालतं. पबचालकाला मात्र या चौदा दिवसांत त्या पावसाळी मंगळवारचं उत्तर दिसतं.