भुलेत पेटणारे स्नायू: दोन वेगळ्या जनुकीय दोषांची पार्श्वभूमी

मेलबर्नमधल्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलेची धास्ती जास्त होती. त्याच्या नात्यातली दहा माणसे ईथर दिल्यावर दगावली होती. म्हणून त्याला त्या काळी नवा असलेला भुलेचा वायू, हॅलोथेन, दिला. दहाच मिनिटांत रक्तदाब उतरला, अंग तापू लागले. हॅलोथेन थांबवून बर्फ लावला आणि तो वाचला. डेनबरो आणि लव्हेल या डॉक्टरांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत मांडली. आज या विकाराला मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणतात. बहुतेक घराण्यांत आई किंवा वडील यांपैकी एकाकडे दोष असला, तरी प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते.

पुढचा धागा डुकरांनी दिला. लँड्रेस जातीची काही डुकरे सक्सिनिलकोलीनने, म्हणजे भुलेच्या वेळी स्नायू सैल करायला देतात त्या औषधाने, अशीच तापत आणि ताठरत. अशाच डुकरांवर केप टाउनच्या हॅरिसन यांनी १९७५ मध्ये डॅन्ट्रोलीन या उताऱ्याच्या औषधाचा गुण दाखवला. १९९१ मध्ये डुकरांच्या आरवायआर१ (RYR1) या जनुकातून घडणाऱ्या प्रथिनात ६१५व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन सापडले, आणि त्याच वर्षी एका मानवी कुटुंबात तोच बदल ६१४व्या जागी.

हे जनुक स्नायूपेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्याचे दार घडवते. दोष असला की भुलेच्या वायूने दार उघडे राहते. स्नायू आवळलेलेच राहतात, आणि सांडलेले कॅल्शियम परत आत ओढण्यात पेशीची सगळी ऊर्जा खर्च होते. ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि उष्णता वाढते. पेशी फुटल्या की पोटॅशियम रक्तात येते आणि मायोग्लोबिन हे स्नायूतले प्रथिन मूत्रपिंडात अडकते. म्हणूनच श्वासयंत्राचा वेग वाढवूनही उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चढतच राहिला, तर तीच पहिली खूण समजावी. ताप पुष्कळदा नंतर येतो. त्याची वाट पाहण्यात मोलाची मिनिटे जातात. १९५६ मध्ये वर्णन झालेल्या सेंट्रल कोर डिसीज या स्नायूंच्या आजाराचे मूळही बहुधा याच जनुकात असते.

ड्युशेन हा स्नायू झिजवणारा जनुकीय आजार मात्र निराळा आहे, आणि दोन्हींची गल्लत अजून होते. तिथे डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्याने पेशीचे आवरणच कमकुवत असते. सक्सिनिलकोलीनने ते फाटते, पोटॅशियम एकदम उसळते आणि हृदय बंद पडू शकते. निदान न झालेली, वरवर धडधाकट दिसणारी लहान मुले अशी दगावल्यावर १९९०च्या दशकात अमेरिकेत या औषधावर ठळक इशारा छापला गेला. इथे आधी कॅल्शियम, इन्सुलिन-ग्लुकोज लागते. डॅन्ट्रोलीनने हे हृदय सुरू होत नाही.

मॅलिग्नंट हायपरथर्मियात वायू तात्काळ बंद करून १०० टक्के ऑक्सिजन द्यायचा आणि डॅन्ट्रोलीन किलोमागे २.५ मिलिग्रॅम शिरेतून सोडायचे. जुन्या कुपीत २० मिलिग्रॅम असते आणि ती ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवावी लागते. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या पहिल्याच मात्रेला नऊ कुप्या. त्या ढवळायलाच दोन-तीन माणसे हवीत.

आधीची भूल सुखरूप पार पडली, एवढ्यावर विसंबू नका: अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या वेळी झटका आला आहे. घरात कुणी भुलेत दगावले असेल किंवा कुणाला स्नायूंचा आजार असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. शिरेतून द्यायचे भुलेचे औषध प्रोपोफोल आणि जागेवरची भूल यांनी मॅलिग्नंट हायपरथर्मिया होत नाही. डॅन्ट्रोलीन प्रत्येक रुग्णालयात ठेवलेले नसते. ते जवळ कुठे मिळेल याची चौकशी शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच करा.