सीमापार प्रेमकथा (हिंदी चित्रपट)

भारतीय आणि पाकिस्तानी प्रेमिकांची कथा सांगणारा हिंदी चित्रपटांचा एक प्रवाह. त्याची मुळे १९४७ च्या फाळणीत असली, तरी तो ठळक झाला १९९० नंतर.

यामागची सर्वांत जिव्हारी लागणारी खरी कहाणी बूटासिंगची. दंगलीत सापडलेल्या झैनब या मुस्लिम तरुणीला या शीख माजी सैनिकाने आसरा दिला. लग्न होऊन संसार उभा राहिला. पळवून नेलेल्या स्त्रियांना त्यांच्या ‘मूळ’ देशी पाठवण्यासाठी भारताने १९४९ मध्ये केलेला कायदा १९५७ पर्यंत चालला. तिला जायचे आहे का, हा प्रश्न त्यात गैरलागू होता. झैनबची रवानगी पाकिस्तानात झाली. बूटासिंग धर्म बदलून तिच्यामागे गेला, पण घरच्यांच्या दबावाखाली तिने नकार दिला आणि १९५७ मध्ये त्याने रेल्वेखाली जीव दिला.

अनिल शर्मांच्या ‘गदर : एक प्रेम कथा’ने (२००१) हाच सांगाडा घेऊन शेवट फिरवला : नायक सासऱ्याच्या तावडीतून बायकोला सोडवून आणतो. चित्रपटगृहे दणाणली खरी, पण दोन्ही सरकारांनी मिळून स्त्रियांवर केलेला अन्याय एका खलनायक बापाच्या माथी गेला. ही या प्रवाहातली मोठी उणीव आहे.

‘हिना’ (१९९१) अधिक हळवा आणि अधिक धीट. राज कपूर यांचा हा संकल्प त्यांच्या निधनानंतर रणधीर कपूर यांनी पुरा केला. श्रीनगरचा तरुण झेलममधून वाहत पलीकडे पोचतो. नायिका झेबा बख्तियार आणि संवादलेखिका हसीना मोईन या दोघीही पाकिस्तानी. यश चोप्रांच्या ‘वीर-झारा’त (२००४) २२ वर्षे लाहोरच्या तुरुंगात खितपत पडलेल्या भारतीय वैमानिकासाठी पाकिस्तानी वकील तरुणी लढते. मदनमोहन यांच्या न वापरलेल्या चालींवर त्याची गाणी उभी आहेत.

नायक बहुधा भारतीय आणि पाकिस्तानी असते ती नायिका. मेघना गुलजार यांच्या ‘राझी’त (२०१८) हे उलटते : काश्मिरी तरुणी १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घराण्याची सून होते, हेरगिरीसाठी. तिच्या निर्णयाची किंमत तिलाच मोजावी लागते, आणि चित्रपट ती लपवत नाही.

दोन देशांतले संबंध बिघडले की पहिला फटका कलाकारांना बसतो. २०१६ च्या उरी हल्ल्यानंतर मुंबईत पाकिस्तानी कलाकारांना विरोध झाला. २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर फवाद खानचा ‘अबीर गुलाल’ भारतात प्रदर्शित झाला नाही.